कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि भूमिहीनांचा लढा

ज्यांच्या श्रमाची फळे आपण नित्य चाखतो, परंतु ज्यांचे नाव आपल्या घरी वर्षाकाठी एकदाही निघत नाही, अशा पुरुषांत कर्मवीर भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांची गणना करावी लागेल. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्यांतील शाळकरी मुलेही सांगू शकतात, आणि ते योग्यच आहे. परंतु बाबासाहेबांच्या पश्चात त्यांचे अपुरे राहिलेले कार्य खेड्यापाड्यांत नेऊन पोचविणारा, अंगात जाडेभरडे धोतर-सदरा घालून बांधाबांधाने हिंडणारा जो त्यांचा सहकारी, त्याची ओळख आपल्या तरुण पिढीस फारशी राहिलेली नाही. आपल्या संस्थेच्या या वार्षिक स्मरणिकेच्या निमित्ताने ती ओळख करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालो आहोत.

दादासाहेब हे नाशिक जिल्ह्याचे. मग बीड जिल्ह्यातील स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, अशी शंका एखाद्या वाचकास येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, दादासाहेबांच्या राजकीय जीवनातील सर्वांत मोठे कार्य, म्हणजे भूमिहीनांचा सत्याग्रह, हे १९५९ साली ज्या भूमीवर उभे राहिले, तीत आपला मराठवाडा प्रमुख होता. ज्या प्रश्नासाठी त्यांनी तुरुंग पत्करला तो गायरानाचा व पडीत जमिनीचा प्रश्न आपल्या गेवराई, माजलगाव, धारूर, केज या तालुक्यांतील कुटुंबांच्या आजही जिव्हाळ्याचा आहे. यास्तव हे चरित्र परक्या जिल्ह्याचे नसून आपल्याच घरचे आहे, असे समजून वाचावे, ही विनंती.

पूर्ववृत्त व काळाराम मंदिराचा सत्याग्रह

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. घरची स्थिती त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या कोणत्याही कुटुंबाची असते तशीच होती. विद्यापीठाची पदवी त्यांच्या नावापुढे नव्हती. परंतु माणसे ओळखण्याची, जोडण्याची आणि धरून ठेवण्याची जी विद्या कोणत्याही पाठशाळेत शिकविली जात नाही, ती त्यांस उपजतच लाभली होती. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत दादासाहेब त्यांच्या सहवासात आले व महाडच्या १९२७ च्या लढ्याने त्यांच्या आयुष्याची दिशा कायमची ठरली.

त्यांचे नाव साऱ्या महाराष्ट्रात गाजले ते मात्र नाशिकच्या काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहामुळे. हा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. महात्मा गांधींची दांडीयात्रा त्यानंतर दहा दिवसांनी, १२ मार्चला निघाली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वसंत ऋतूत देशात किती ठिकाणी एकदम ठिणग्या पडत होत्या याची कल्पना येईल. सत्याग्रह समितीचे चिटणीसपद दादासाहेबांकडे होते. मंदिराचे दरवाजे बंद करून घेण्यात आले. सत्याग्रही स्त्रीपुरुषांच्या तुकड्या दारांशी ठाण मांडून बसल्या. ९ एप्रिलच्या रामनवमीस रथ ओढण्यावरून दंगल उसळली व सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. असे असता हा लढा एका दिवसात विझला नाही. तो पुढे सुमारे पाच वर्षे चालला. पुढारी सभा करून परत जात, वर्तमानपत्रे दुसऱ्या विषयाकडे वळत, परंतु नाशिक जिल्ह्यातील गावोगावच्या लोकांना उत्साह देणे, तुकड्या पाठविणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची चूल पेटती ठेवणे, ही कामे दादासाहेबांच्याच शिरावर होती.

वाचकांनी येथे एक गोष्ट विचारात घ्यावी. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेबांस पत्र लिहून हा सत्याग्रह आता थांबवावा, असा सल्ला दिला. देवदर्शनाने अस्पृश्यांचा उद्धार होईल अशी आपली समजूत कधीच नव्हती. निद्रिस्त समाजास जागे करून त्यास आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, एवढ्यासाठी हे शस्त्र उचलले होते. ते काम झाले, आता शक्ती राजकारणाकडे व शिक्षणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय होता. बाबासाहेबांनी दादासाहेबांस लिहिलेली अशी अनेक पत्रे पुढे छापून प्रसिद्ध झाली आहेत. ती वाचली म्हणजे या दोघांत केवळ नेता व अनुयायी एवढाच संबंध नव्हता, हे कळून येते. जो विचार अजून सभेत मांडावयाचा नाही, तो ज्याच्यापाशी प्रथम बोलून दाखवावा, असा विश्वासू माणूस प्रत्येक थोर पुरुषास लागतो. बाबासाहेबांच्या बाबतीत ते स्थान दादासाहेबांचे होते. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातील येवले येथील परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली. त्या परिषदेच्या उभारणीतही दादासाहेबांचा वाटा मोठा होता.

कायदेमंडळात

१५ ऑगस्ट १९३६ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली आणि १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर निवडून गेले. १९४६ पर्यंत ते सभासद होते. या पक्षाचे नाव विचारपूर्वक ठेविलेले होते. त्यात जातीचा उल्लेख नव्हता, मजुराचा होता. कोकणातील खोती रद्द व्हावी, महार वतनाच्या नावाखाली चाललेली वेठबिगार बंद व्हावी, या पक्षाच्या मागण्या होत्या. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा जो मोर्चा गेला, त्यात कोकणातील कुणबी व महार एकत्र चालले. जमीन कसणारा एक व जमिनीचा धनी दुसरा, या व्यवस्थेविरुद्ध जातीच्या भिंती ओलांडून लोक एकत्र येऊ शकतात, हा धडा दादासाहेबांनी त्या काळातच गिरविला असला पाहिजे. कारण पुढे वीस वर्षांनी त्यांनी जे आंदोलन उभारले, त्याचा पाया हाच होता.

महार वतनाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. नव्या पिढीस वतन म्हणजे मानाची गोष्ट वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः थोड्याशा जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस सरकारची व गावची चाकरी करावयाची, निरोप पोचवावयाचे, सामान वाहावयाचे, आणि घरातील कर्ता आजारी असेल तर त्याच्या जागी बायको-मुलाने उभे राहावयाचे, असे ते दास्य होते. बाबासाहेबांनी १९२८ सालीच त्याविरुद्ध विधेयक आणले होते. अखेर मुंबई राज्याने १९५८ साली कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलनाचा कायदा केला. जुन्या मुंबई इलाख्यात असे प्रयत्न चालू असता आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, व तेथे असे कायदेमंडळच प्रजेस उपलब्ध नव्हते. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेस बाबासाहेब आले, ती मराठवाड्यातील दलितांच्या जागृतीची पहाट होय. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. अवघ्या बारा वर्षांत आपल्या जिल्ह्याने तीन राज्ये पाहिली. राज्ये बदलली, परंतु गावकुसाबाहेरील माणसाच्या नावावर जमीन मात्र चढली नाही.

बाबासाहेबांच्या पश्चात

१८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी खंत व्यक्त केली व खेड्यांतील भूमिहीन मजुरांची चिंता बोलून दाखविली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि ६ डिसेंबर रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. लक्षावधी लोक एका रात्रीत पोरके झाले. अशा वेळी पक्षाचे गाडे कोणी ओढावयाचे, हा प्रश्न होता.

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सहकार्याने शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार उभे राहिले, व दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे भारतीय रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. बाबासाहेबांच्या मनातील हा पक्ष सर्व शोषितांचा व्हावयाचा होता. परंतु थोड्याच दिवसांत मतभेद झाले. बी. सी. कांबळे प्रभृती वकील व सुशिक्षित मंडळींचे म्हणणे असे की, बाबासाहेबांनी संविधान दिले आहे, तेव्हा त्या मार्गानेच चालावे. मोर्चे, सत्याग्रह व इतर पक्षांशी हातमिळवणी हा आपला मार्ग नव्हे. दादासाहेबांचे म्हणणे असे की, ज्याच्या घरी संध्याकाळची भाकरी नाही, त्यास संविधानाचे कलम वाचून दाखविण्याने त्याचे पोट भरत नाही. त्याच्याबरोबर शेतात उतरले पाहिजे. एक गट स्वतःस 'दुरुस्त' म्हणवू लागला, तेव्हा लोकांनी दुसऱ्यास थट्टेने 'नादुरुस्त' म्हटले. दादासाहेबांच्या धोतरावरही टीका झाली. परंतु त्या धोतरवाल्यामागेच खेडी उभी राहिली, असे इतिहास सांगतो.

आमच्या मते हा वाद दोन पुढाऱ्यांच्या भांडणाएवढा लहान नव्हता. शिकून शहरात गेलेला भाऊ व गावात राहिलेला भाऊ, यांच्या हिताचा हा वाद होता. एकास नोकरी, वसतिगृह, शिष्यवृत्ती व राखीव जागा हव्या होत्या. दुसऱ्यास पाच एकर जमीन हवी होती. दोन्ही मागण्या रास्त होत्या. परंतु बोलता येणारा भाऊ पहिला होता. दुसऱ्यासाठी बोलणारा कोणी लागत होता.

१९५९ आणि १९६४ : जमिनीचा सत्याग्रह

१९५९ साली दादासाहेबांनी मराठवाडा व खानदेश येथे भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. गावोगावी सरकारी पडीत जमिनी, गायराने, जंगलखात्याच्या ताब्यातील ओसाड माळ पडून असत. ज्या जमिनीवर कुणी पीक घेत नाही, ती ज्याच्या हातास काम नाही त्यास द्यावी, ही मागणी इतकी साधी होती की, निरक्षर म्हाताऱ्यासही ती एका वाक्यात समजे. सत्याग्रहाची रीतही साधी होती : जमावाने पडीत जमिनीत शिरावयाचे, औत धरावयाचे, आणि पोलीस आले म्हणजे प्रतिकार न करता अटक करून घ्यावयाची. हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. सरकारास या प्रश्नाची दखल घ्यावी लागली व काही ठिकाणी पडीत जमिनींचे वाटप झाले.

या लढ्याचा आणखी मोठा टप्पा १९६४ साली आला. प्रथम १ ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत संसदेवर मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांस मागण्यांचे निवेदन देण्यात आले. कसेल त्याची जमीन व्हावी. पडीत जमीन भूमिहीनांस मिळावी. धान्याचे भाव आवाक्यात राहावे. किमान वेतनाचा १९४८ चा कायदा अंमलात यावा. झोपडपट्ट्यांतील लोकांस घरे मिळावी. अस्पृश्यता गुन्हा कायद्याची कठोर अंमलबजावणी व्हावी. बौद्ध झालेल्यांस सवलती चालू राहाव्या. राखीव जागा भराव्या. संसदेत बाबासाहेबांचे चित्र लागावे, या त्यातील प्रमुख मागण्या होत. मागण्या मान्य होईनात, तेव्हा बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबर १९६४ रोजी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला व तो १९६५ च्या आरंभापर्यंत चालला. महाराष्ट्राबाहेर उत्तर प्रदेश, पंजाब आदी प्रांतांतही लोक उठले. या सत्याग्रहात तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली, असे पक्षाच्या वतीने सांगितले गेले. स्त्रियांचा सहभाग तर विशेष उल्लेखनीय होता. नाशिकच्या शांताबाई दाणी यांनी स्त्रियांच्या तुकड्यांचे नेतृत्व केले, आणि दादासाहेबांच्या पत्नी गीताबाई याही मागे राहिल्या नाहीत. कडेवर मूल घेऊन तुरुंगात जाणाऱ्या त्या मायबहिणींची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

वाचकांनी मागण्यांची ती यादी पुन्हा एकदा नजरेखालून घालावी. महाराष्ट्र राज्याने १९६० पासूनच नवबौद्धांस सवलती दिल्या होत्या. केंद्र सरकारने त्यांस अनुसूचित जातींचा दर्जा दिला तो १९९० साली. संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा १९६७ साली उभा राहिला व मध्यवर्ती सभागृहात त्यांचे चित्र १९९० साली लागले. म्हणजे ज्या मागण्या प्रतिष्ठेच्या व नोकरीच्या होत्या, त्या उशिरा का होईना, मान्य झाल्या. ज्या मागण्या जमिनीच्या व मजुरीच्या होत्या, त्या मात्र बहुतांशी कागदावर राहिल्या. कमाल जमीनधारणेचा कायदा महाराष्ट्रात १९६१ साली झाला व २६ जानेवारी १९६२ पासून अंमलात आला खरा. परंतु कायद्याची पळवाट शोधून एकाच घरातील जमीन अनेक नावांवर वाटून ठेवण्याची हिकमत ज्यांस अवगत होती, त्यांचे फारसे काही बिघडले नाही.

राजकारणाचा उत्तरार्ध

दादासाहेब १९६२ ते १९६८ या काळात राज्यसभेचे सभासद होते. १९६७ च्या सुमारास त्यांनी यशवंतराव चव्हाण यांच्या नेतृत्वाखालील काँग्रेसशी समझोता केला. या निर्णयावर त्या वेळीही कठोर टीका झाली व आजही होते. ज्या सत्तेविरुद्ध लाखो लोकांस तुरुंगात नेले, तिच्याच शेजारी जाऊन बसावयाचे, हे अनेक कार्यकर्त्यांस रुचले नाही. पक्षात आणखी फूट पडली, आणि फुटीची ती परंपरा पुढे इतकी वाढली की, रिपब्लिकन पक्षाचे गट मोजण्यास हातांची बोटे अपुरी पडू लागली.

चरित्रनायकाची स्तुती करावयाची व त्याच्या उण्या बाजूवर पांघरूण घालावयाचे, ही रीत आम्हांस मान्य नाही. दादासाहेबांचा त्यामागील विचार असा दिसतो की, विरोधात राहून जमीन मिळत नाही, सत्तेच्या जवळ जाऊन पाहावे. विचार चुकीचा म्हणता येत नाही. परंतु त्याचे फळ पदरात पडले नाही. सत्तेने काही पुढाऱ्यांस पदे दिली, शेतमजुरास शेत दिले नाही. याच १९६७ साली आपल्या बीड मतदारसंघाने लोकसभेवर कोणास पाठविले, हे पाहण्यासारखे आहे. साताऱ्याच्या पत्री सरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील हे कम्युनिस्ट पक्षाच्या वतीने बीडमधून निवडून आले. परजिल्ह्यातील माणूस, हाती विळा-कणसाची खूण, आणि तरीही बीडच्या मतदाराने त्यास निवडून दिले. जमिनीच्या व भाकरीच्या प्रश्नास हा जिल्हा त्या वेळी किती आसुसलेला होता, याचे याहून चांगले प्रमाण दुसरे नाही. दादासाहेब त्या वेळी सत्तेकडे न वळता शेतमजुरांच्या व्यापक आघाडीकडे वळले असते तर काय झाले असते, असा प्रश्न आमच्या मनात अनेकदा येतो.

१९६८ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. स्वतःसाठी त्यांनी इस्टेट उभारली नाही. लोकांनी त्यांस 'कर्मवीर' ही पदवी दिली होती. ती कोणत्याही सरकारी पदवीहून मोठी होय.

आपल्या जिल्ह्यातील पुढची वाटचाल

दादासाहेब गेले, परंतु गायरानाचा प्रश्न राहिला. शासनाने २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयाने व पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने भूमिहीनांची शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. दुसऱ्या निर्णयानुसार १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे विचारात घ्यावयाची होती. हा दिवस बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाचा, हे सहज लक्षात येईल. दादासाहेबांच्या १९५९ च्या मागणीस कागदोपत्री उत्तर मिळण्यास अशी तीस वर्षे लागली.

मधल्या काळात १९७८ साली २७ जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील खेड्यांत दलितांच्या वस्त्या जळाल्या. विद्यापीठाच्या पाटीवरील नावाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, अशा मजुरांच्या झोपड्यांस आग लागली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. गावात ज्याच्या मालकीचे काहीच नाही, त्यास कोणत्याही निमित्ताने हुसकून लावता येते, हे त्या दिवसांनी शिकविले. स्वतःची जमीन असणे म्हणजे धान्य असणे एवढेच नव्हे, तर गावात पाय रोवून उभे राहण्याचा हक्क असणे, असा त्याचा अर्थ होतो.

हे ज्यांनी ओळखले त्यांत आपल्याच जिल्ह्याचे एकनाथ आवाड यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९५६ साली दुकडेगाव येथे एका पोतराजाच्या घरी त्यांचा जन्म झाला. लोक त्यांस 'जिजा' म्हणत. समाजकार्याचे शिक्षण घेऊन त्यांनी तेलगाव हे आपले केंद्र केले व मानवी हक्क अभियानाच्या द्वारे गायरान कसणाऱ्यांस संघटित केले. पोतराजाच्या जटा कापण्यापासून सातबारावर नाव लावण्यापर्यंत त्यांचे कार्य पसरले होते. २५ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. दादासाहेबांनी नाशिकहून आणलेली मशाल आपल्या जिल्ह्यात ज्यांनी विझू दिली नाही, त्यांत ते अग्रभागी होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

२००४ साली महाराष्ट्र शासनाने दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू केली. तीनुसार अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील भूमिहीन कुटुंबास चार एकर कोरडवाहू अथवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. आरंभी निम्मे अनुदान व निम्मे बिनव्याजी कर्ज असे तिचे स्वरूप होते. २०१८ पासून पूर्ण अनुदानाची तरतूद झाली. योजना उत्तम आहे, परंतु शासनाने ठरविलेल्या दरात जमीन विकण्यास कोणी पुढे आला तरच ती लाभार्थ्यास मिळावयाची. विकणारा क्वचितच पुढे येतो.

आपले कर्तव्य

येथवरचा इतिहास वाचून 'फार मोठा माणूस होता हो' असे म्हणून स्मरणिका कपाटात ठेवून दिली, तर हा लेख लिहिण्याचा आमचा खटाटोप व्यर्थ होईल. आपल्या संस्थेच्या सभासद कुटुंबांत आज शिक्षक आहेत, तलाठी व ग्रामसेवक आहेत, बँकेत व परिवहन मंडळात काम करणारे आहेत, डॉक्टर व वकीलही आहेत. हे सारे बाबासाहेबांच्या पुण्याईने झाले. परंतु आपल्यांपैकी प्रत्येकाचा एखादा चुलता, एखादी मावशी, एखादा भाचा दिवाळी सरली की कोयता घेऊन बैलगाडीने अथवा ट्रकने ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातो, हे कोणी नाकारील काय? तो जातो कारण गावात त्यास बांधून ठेवील असा जमिनीचा तुकडा नाही, किंवा असलेला तुकडा त्याच्या नावावर नाही.

गायरान कसणाऱ्या कुटुंबाची खरी अडचण बहुधा कागदाची असते. आजोबाने माळ फोडला, बापाने दगड वेचले, नातू पेरतो. परंतु कागदावर त्यांचे नाव कोठेच नाही. गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. तीत नाव आहे की नाही, पीकपाहणीत नोंद आहे की नाही, कधी दंड भरला असेल तर त्याची पावती जपली आहे की नाही, या तीन गोष्टींवर पुष्कळदा सारा निकाल अवलंबून राहतो. दंडाची पावती ही शिक्षेची खूण समजून आपली माणसे ती फाडून टाकतात; परंतु त्या वर्षी ती जमीन आपल्या ताब्यात होती याचा तोच पुरावा असतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, तेव्हा शासनाच्या निर्णयाने भूमिहीन मजुरांस अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस दिलेल्या जमिनींचा अपवाद सांगितला. त्या अपवादाचा आधार ज्यास घ्यावयाचा आहे, त्याच्या हाती कागद पाहिजे. ज्यांस पट्टा मिळाला आहे, त्यांनीही सातबारावरील 'भोगवटादार वर्ग २' या शब्दांचा अर्थ समजून घ्यावा. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. कोणी सावकार कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा मागू लागला, तर तो देऊ नये.

यास्तव आमची संस्थेच्या चालकांस नम्र सूचना आहे की, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारास जसा आपण प्रतिवर्षी एक दिवस देतो, तसाच एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी कागदपत्रांसाठी द्यावा. आपल्यांतील निवृत्त तलाठ्यांनी, वकिलांनी व शिक्षकांनी त्या दिवशी एका टेबलाशी बसावे. गावाकडील नातलगांनी आपले सातबारे, पावत्या, जुन्या नोटिसा पिशवीत घालून आणाव्या. कोणाचा अर्ज राहिला असेल तर तो लिहून द्यावा. कोणाची नोंद चुकली असेल तर ती दुरुस्तीस पाठवावी. यास खर्च फारसा नाही. अक्षर ओळखणाऱ्याने अक्षर न ओळखणाऱ्याशेजारी काही घटका बसावयाचे आहे.

काळारामाच्या दाराशी बसण्यापासून पडीत माळावर औत धरण्यापर्यंत दादासाहेबांनी जो पल्ला गाठला, त्यात एक सरळ सूत्र आहे. प्रथम त्यांनी माणूस म्हणून दारात उभे राहण्याचा हक्क मागितला. मग मतदार म्हणून कायदेमंडळात बसण्याचा. आणि शेवटी कष्टकरी म्हणून जमिनीवर उभे राहण्याचा. पहिले दोन हक्क आपणांस मिळाले. तिसरा अपुरा आहे, आणि तो पुरा करण्याचे काम आता कोणा एका पुढाऱ्याचे राहिलेले नाही. ज्याच्या घरात लेखणी आहे, त्या प्रत्येकाचे ते आहे. येत्या वर्षीच्या स्मरणिकेत सत्कारमूर्तींच्या छायाचित्रांबरोबर, ज्या कुटुंबांचे नाव या वर्षी प्रथमच सातबारावर चढले त्यांची यादी छापण्याचा योग आला, तर कर्मवीरांच्या स्मृतीस त्याहून उचित अभिवादन दुसरे असणार नाही.